कला-एकात्मिक पाठावरील प्रतिचिंतन कसे लिहावे

बी.एड.च्या आंतरवासितेत (शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावात) कला-एकात्मिक पाठ, म्हणजे कलेतून विषय शिकवणारा पाठ, झाल्यावर बहुतेक छात्राध्यापक प्रतिचिंतनाच्या, म्हणजे झालेल्या पाठाचा मागे वळून विचार करण्याच्या, रकान्यात ‘विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला’ असे लिहून मोकळे होतात. हे वाक्य कोणत्याही पाठाखाली खपते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार या पद्धतीत कला हा विषयातील संकल्पना शिकण्याचा आधार असतो. तेव्हा प्रतिचिंतन लिहायला बसताना पहिला प्रश्न असा घ्यावा: या पाठातून कला वगळली असती, तर संकल्पना समजण्यात नेमके काय उणे राहिले असते? उत्तर ‘काही नाही’ असे आल्यास तो पाठ एकात्मिक नव्हता, फक्त सजवलेला होता, असे स्पष्ट लिहावे.

सातवीच्या विरुद्ध कोनांचा (दोन रेषा छेदल्यावर समोरासमोर येणाऱ्या समान कोनांचा) पाठ वारली आकृतींतून घेतला आहे असे समजू. वारली माणसाचे धड टोकाला टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचे असते. परस्परांना छेदणाऱ्या दोन सरळ रेषा काढून त्यांची वरची व खालची टोके जोडली, तर ताठ उभा माणूस तयार होतो आणि त्याच्या कमरेशी विरुद्ध कोनांची जोडी आपोआप मिळते; ती कोनमापकाने मोजता येते. मात्र एखादी मुलगी तारपा नृत्यातला (तारपा या फुंकवाद्यावरील वारली नाचातला) कमरेत वाकलेला नर्तक काढते, दोन्ही त्रिकोण वेगवेगळे रेखाटते आणि तिचे दोन कोन जुळत नाहीत. चित्र म्हणून तिची आकृती अधिक जिवंत आहे. गणित म्हणून पाहिले तर वरच्या त्रिकोणाच्या बाजू खालच्या त्रिकोणात सरळ पुढे जात नाहीत, विरुद्ध किरण तयार होत नाहीत आणि म्हणून ते विरुद्ध कोनच नाहीत. माझ्या मते पाठाचा खरा कस येथेच लागतो. शिक्षकाने ‘चुकले, पुन्हा काढ’ म्हटले, की दोन्ही आकृत्या फळ्यावर शेजारी काढून ‘कोन कुठे समान आले आणि का?’ असे वर्गाला विचारले, हे प्रतिचिंतनात आले पाहिजे.

अशी नोंद करायची तर पुरावा हवा, आणि तो आठवणीवर सोडू नये. निरीक्षणाला बसलेल्या सहाध्यायाला मुलांची वाक्ये जशीच्या तशी टिपायला सांगावे, दोन-तीन अपूर्ण किंवा फसलेली चित्रे संमती घेऊन जपून ठेवावीत आणि नोंद त्याच दिवशी लिहावी. नीटनेटकी चित्रे अहवालात शोभून दिसतात, पण मुलाचा विचार कुठे अडला हे खोडलेल्या चित्रावरून अधिक कळते. मूल्यमापनाबाबतही स्वतःला विचारावे की गुण अध्ययन निष्पत्तीला दिले की रंगकामाला, कारण हात चांगला असलेल्या मुलाला संकल्पना समजली असेलच असे नाही.

वेळेचा हिशेब थोडक्यात पुरे: साहित्य वाटप आणि आवराआवर यांत तासिकेचा किती भाग गेला, एवढे लिहावे. तो फार वाटल्यास साहित्याविना चालणारी कला निवडता येते. उदाहरणार्थ, लसाविसाठी एका गटाने दादरा तालाच्या ६ आणि दुसऱ्याने केरवा तालाच्या ८ मात्रा एकाच लयीत मोजत फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी दिली, तर एकत्र सुरुवात केल्यावर २४ मात्रा पूर्ण होताच दोघांची सम पुन्हा एकत्र येते. इथे टाळी काढून घेतली तर पाठच उरत नाही.

कलेशी आपण कसे वागलो, हेही तपासावे. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर देवचौक लिहितात. त्या चित्राला विधीचे स्थान आहे. त्यातील आकार केवळ भूमितीसाठी उचलताना हा संदर्भ मुलांना सांगितला का, पालघर-डहाणूकडचे मूल वर्गात असल्यास त्याला बोलायला वाव मिळाला का, याची नोंद असावी.

शेवटी पुढच्या पाठ टाचणातील (पाठाच्या लेखी आराखड्यातील) एकच बदल लिहावा, आणि तो कृतीच्या भाषेत: ‘मुले आधी छेदणाऱ्या दोन रेषा काढून कोन मोजतील, मग त्यांवर माणूस रचतील, वाकलेला नर्तक त्यानंतर काढतील आणि त्याचे कोन का जुळत नाहीत ते जोडीदाराला समजावून सांगतील.’