अमेरिकेतल्या गुलामगिरीवर लिहिताय? या चुका टाळा

या विषयावरचे विद्यार्थ्यांचे निबंध मी बरीच वर्षं तपासतेय. चुका त्याच त्याच आणि बहुतेक घाईतून झालेल्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे माजी गुलामाची मुलाखत उचलायची आणि ती घेतली कुणी, हे बघायचंच नाही. 1936 ते 1938 दरम्यान सरकारी प्रकल्पात अशा दोन हजारांहून जास्त मुलाखती नोंदल्या गेल्या. घेणारे बहुतेक गोरे, सांगणारे मंदीनं गांजलेले म्हातारे. एका परिसंवादात एका मुलीनं चार्ल्सटन शहरात गुलाम राहिलेल्या सुझन हॅमलिन यांची मुलाखत वाचली. मालक भला होता, असं त्या सांगतात. मुलीनं निष्कर्ष काढला, शहरातली गुलामगिरी सौम्य होती. सभागृहानं माना डोलावल्या. मी उठून त्याच बाईंची दुसरी मुलाखत तिच्या हातात दिली. ती एका कृष्णवर्णीयानं घेतलेली. तिच्यात माणसं विकली जाताना रात्रंदिवस ऐकू येणाऱ्या किंकाळ्या आहेत. रात्री लग्न झालेली नवरी सकाळी विकली जाते. पहिल्या वेळी समोर गोरी बाई होती, आणि ती सरकारी मदत कचेरीतून आलीय असं हॅमलिनना वाटलं होतं. पोटाचा प्रश्न असताना कोण खरं बोलेल? दुसऱ्या मुलाखतीत आडनाव हॅमिल्टन आहे, म्हणून वरवर शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. मी वहीत प्रत्येक मुलाखतीपुढे आधी घेणाऱ्याचं नाव लिहिते, मगच वाचते.

‘लिंकननं 1863 मध्ये गुलामगिरी संपवली’ हे वाक्य खोडा. त्या वर्षीची त्यांची मुक्तीची घोषणा फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणी भागापुरती होती. गुलामगिरी असूनही बंडात न उतरलेली केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही राज्यं वगळलेलीच होती. देशभर बंदी आली डिसेंबर 1865 मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीनं. तीही गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला मोकळीक ठेवून. कलम छोटंसं आहे, सारांश कशाला शोधता?

आणखी एक चूक टाळा: जोतिराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ (1873) हे पुस्तक लिंकनला अर्पण केलेलं नाही, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना केलंय.

कायदा एका प्रकरणात आणि आत्मकथा दुसऱ्यात, अशी वाटणीही नको. 1662 च्या व्हर्जिनियाच्या कायद्यानं मूल आईच्या दर्जाचं ठरलं, म्हणजे आई गुलाम तर मूलही गुलाम. नुसतं वाचलं तर कोरडं कलम. पण गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएट जेकब्स यांच्या 1861 च्या आत्मकथेशेजारी ठेवून वाचा. त्या नॉर्थ कॅरोलिनातल्या, नियम तिथेही तोच. त्यांच्या मुलांचा बाप गोरा वकील होता, तरी मुलं गुलामच जन्मली. त्या बापाला स्वतःची लेकरं एका दलालामार्फत विकत घ्यावी लागली.