दहा मीटरची एअर रायफल हलकी करताना

दहा मीटरवरच्या नेमबाजी स्पर्धेत वापरायच्या मॅच एअर रायफलला साइट्ससकट, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या भागांसकट, 5.5 किलोपर्यंत मुभा आहे. ती वरची मर्यादा झाली. तेवढं वजन गाठलंच पाहिजे असं नाही. बालेवाडीच्या रेंजवर तेरा-चौदा वर्षांचं मूल मोठ्या माणसासाठी लावलेली रायफल उचलतं, तोल सावरायला पाठ नको तितकी मागे वाकवतं आणि मॅच निम्मी होईतो कंबर भरून येते. अशा मुलाची रायफल हलकी करायलाच हवी, पण कुठून, हे आधी ठरवा.

काम सुरू करण्यापूर्वी चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, दाबलेल्या हवेचा सिलिंडर उतरवा आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची रंगीत खूण) घाला. रायफल काट्यावर तोला. मग पट्टीच्या कडेवर आडवी ठेवून तोलबिंदू शोधा आणि तिथे चिकटपट्टी लावा. तोलताना मात्र सिलिंडर पुन्हा बसवलेला असू द्या, नाहीतर आकडा खोटा येईल.

पहिलं वजन नळीच्या टोकाकडचं काढा. आधाराच्या हातापासून 50 सेंटिमीटरवरचे 100 ग्रॅम हाताला 10 सेंटिमीटरवरच्या 500 ग्रॅमइतकेच खाली ओढतात. एका वेळी 50 ग्रॅमच काढा आणि प्रत्येक बदलानंतर निदान 20 गोळ्या मारून बघा. टोक फार हलकं झालं की फोरसाइट (नळीच्या टोकावरची साइट) लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती झटके देत फिरते. पुढचं वजन डोलणं संथ ठेवतं. असं दिसलं तर शेवटचे 50 ग्रॅम परत चढवा. पुढे काहीच उरलं नसेल तर स्टॉकवरची, म्हणजे रायफलच्या दस्त्यावरची, जादा वजनं उतरवा. लाकडी स्टॉक कोरायचा मोह मात्र आवरा, विशेषतः ॲक्शन (गोळी भरण्या-सोडण्याची यंत्रणा) जिथे बसते तिथे. तिथली बैठक ढिली पडली की गोळ्या विनाकारण विखुरतात.

आता धक्क्याचं. 0.53 ग्रॅमची पेलेट, म्हणजे एअर रायफलची गोळी, सेकंदाला 170 मीटरने सुटते तेव्हा 5 किलोची रायफल सेकंदाला साधारण 1.8 सेंटिमीटर वेगाने मागे येते, 4 किलोची 2.25 ने. हा फक्त पेलेटचा हिशेब. हवेचा ढकल वेगळा. खांद्याला हे जाणवतही नाही, पण दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि पेलेट नळीत असतानाच रायफल हलायला लागलेली असते. रायफलमध्ये ॲब्सॉर्बर (धक्का शोषणारा भाग) असेल तर तो घरी उघडू नका, ते काम तंत्रज्ञाचं.

तुमच्या हातातली खरी गोष्ट म्हणजे बटप्लेट, स्टॉकच्या मागच्या टोकाची खांद्याला टेकणारी पट्टी. ती खांद्याच्या खोबणीत वरपासून खालपर्यंत सारखी टेकली पाहिजे. फक्त खालचं टोक टेकलं तर प्रत्येक गोळीला उसळी वेगळी येते. गोळीनंतर फोरसाइट किंचित वर जाऊन पुन्हा काळ्यावर आली तर मांडणी बरोबर आहे. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर आधी पायांची जागा बदला, बटप्लेटला नंतर हात लावा.

स्टॉकचे स्क्रू कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळा. वजन बदललं की नेम सरकतो, म्हणून साइट्स पुन्हा लावा, दहा-दहा गोळ्यांचे तीन ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे पुंजके) काढून. आणि सिलिंडरवरची तारीख बघा: बनवल्यापासून 10 वर्षं उलटली असतील तर तो बदलायचाच.