वनस्पती इकॉलॉजीतलं काम मोजलं कसं जातं आणि टिकतं कशावर

या शाखेत नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती पेपर हवेत?’ असा असतो. आधी हे ध्यानात घ्या की इथे आकडे सावकाश वाढतात. रोपांचं जगणं-मरणं आणि कुरणातल्या प्रजातींची अदलाबदल एका हंगामात उमगत नाही. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेडचा पार्क ग्रास प्रयोग १८५६ पासून चालू आहे आणि आजही त्यातून नवे निष्कर्ष निघतात. उलट, नियतकालिकाचं वजन सांगणारा नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर फक्त आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेली सायटेशन्स (इतर पेपरनी दिलेले संदर्भ) धरतो. तुमचा पेपर पाचव्या वर्षी वाचला जाऊ लागला, तर ते त्यात दिसणारच नाही.

एका संशोधकाचं काम एका आकड्यात मांडणारा एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी सुचवला. पेपर सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा ४०, २२, ९, ६, ५, ३ असे आकडे आहेत. पाचव्या पेपरला निदान पाच सायटेशन्स आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. गूगल स्कॉलरचा आय-टेन हा दुसरा निर्देशांक इथे २ येईल, कारण दहा किंवा जास्त सायटेशन्स दोनच पेपरना आहेत. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४०० मिळाली तरी एच ५ च राहतो. लेखक दोन असोत की दोनशे, त्यालाही फरक पडत नाही. शिवाय तो वर्षांबरोबर वाढतच जातो. म्हणून नवख्याची तुलना वीस वर्षं काम केलेल्याशी या आकड्यावर करणं चुकीचंच आहे. शिवाय गूगल स्कॉलर प्रबंध, अहवाल, प्रीप्रिंटही मोजतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन्सचे संग्रह निवडक स्रोतच धरतात. त्यामुळे एकाच व्यक्तीचे तीन ठिकाणी तीन आकडे निघतात. अर्जात आकडा लिहाल तेव्हा कुठला आणि कोणत्या तारखेचा, हे शेजारी लिहाच.

आता खरा महत्त्वाचा भाग: डेटा. या शाखेत पेपरपेक्षा मोजणी जास्त काळ वापरली जाते. वनस्पतींच्या गुणधर्मांचा ट्राय हा जागतिक संग्रह २००७ मध्ये सुरू झाला, तो हजारो प्रजातींवरच्या विखुरलेल्या मोजण्या एकत्र करूनच. तुमची मोजणी अशा संग्रहात जाऊन उपयोगी पडावी असं वाटत असेल, तर काळजी शेतावर-जंगलातच घ्यावी लागते. क्वाड्रॅटचं (मोजणीसाठी आखलेल्या चौकोनाचं) क्षेत्रफळ प्रत्येक ओळीत लिहा. १ चौरस मीटरमधली प्रजातिसंख्या १०० चौरस मीटरच्या शेजारी ठेवून काही कळत नाही. शून्य आणि रिकामा रकाना वेगळे ठेवा: शून्य म्हणजे शोधूनही सापडली नाही, रिकामा म्हणजे पाहिलंच नाही. हा घोळ नंतर कुणालाच सोडवता येत नाही. विशिष्ट पर्णक्षेत्र मोजताना ताज्या पानाचं क्षेत्रफळ भागिले ओव्हनमध्ये सुकवलेलं वजन हे सूत्र सोपं आहे, पण देठ धरला की वगळला हे नोंदवलं नाही तर दुसऱ्याच्या आकड्यांशी ताळा बसत नाही. जीपीएसची अचूकता मीटरमध्ये द्या. दुर्मीळ वनस्पतींचं नेमकं ठिकाण मात्र उघड करू नका. ते चोरट्यांच्याही कामी येतं.

नावांचंही तसंच. आशिया-आफ्रिकेतले बरेच ‘अकेशिया’ आता वॅचेलिया किंवा सेनेगॅलिया या वेगळ्या वंशांत गेले आहेत. पेपरच्या कीवर्ड्समध्ये जुनं नाव दिलं नाही तर जुन्या नावाने शोधणाऱ्याला तुमचं काम सापडणार नाही. कोणत्या यादीवरून नावं घेतली तेही सांगा, आणि ओळख शंकास्पद असलेल्या प्रत्येक प्रजातीचा व्हाउचर नमुना (पुराव्यासाठी जपलेली सुकवलेली वनस्पती) हर्बेरियममध्ये, म्हणजे अशा नमुन्यांच्या संग्रहालयात, जमा करून त्याचा क्रमांक पेपरमध्ये द्या. वर्गीकरण बदललं तरी नमुना पुन्हा तपासता येतो. नुसतं नाव तपासता येत नाही.

डेटा झेनोडो किंवा ड्रायड या ऑनलाइन भांडारांत ठेवला की त्याला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि तो स्वतंत्रपणे उद्धृत होऊ शकतो. सोबत रकान्यांचा अर्थ, एककं आणि मोजणीची पद्धत सांगणारी रीडमी फाईल हवी. ती नसेल तर सहा महिन्यांनी स्वतःलाच संदर्भ लागत नाही.

ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख-क्रमांक पहिला पेपर पाठवण्याआधीच काढा. तो सोळा अंकी आणि मोफत असतो. प्रत्येक पेपरवर नाव एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर स्कोपसवर तुमच्या दोन प्रोफाइल तयार होतात आणि सायटेशन्स विभागली जातात. गूगल स्कॉलरवर नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपल्या नावावर चढतात. वर्षातून दोनदा तपासून काढून टाका.

निवडसमितीपुढे जाताना नुसती यादी नेऊ नका. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नये, असं संशोधनाच्या मूल्यमापनावरचा डोरा (DORA) जाहीरनामा सांगतो आणि बऱ्याच संस्थांनी त्यावर सही केली आहे. तीन-चार कामं निवडा आणि प्रत्येकाखाली मोजक्या ओळी लिहा: प्रश्न कोणता होता, आखणी, मोजणी, विश्लेषण, लेखन यांत तुमचा वाटा किती, डेटा कुठे आहे आणि तो कुणी, कशासाठी वापरला.