वाडा राखायचा तर आधी पागोळ्या बघा

बेळगावात घराचं स्मारक म्हटलं की रिसालदार गल्लीतलं भाटे वकिलांचं घर आठवतं. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं उतरले होते. एवढं भाग्य सगळ्याच वाड्यांचं नसतं. तरी खानापूर-निपाणीकडं कुणी माजघरात जुन्या वस्तू मांडायच्या म्हटलं, की पहिली खरेदी काचेच्या कपाटांची! मी असा वाडा सांभाळते, म्हणून सांगते, ते पैसे कौलांवर घाला.

शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट बसवणं, मृगाआधी उरकायची. त्याच्याही आधी भर दुपारी माळ्यावर चढा, दारं-खिडक्या लावून घ्या आणि वर बघा. जिथून उन्हाची तिरीप आत येते, तिथून पाणीही येणार. तिथं खडूनं वाशावर खूण करा, म्हणजे कौलं बदलणाऱ्याला 'इथं कुठंतरी' असं सांगावं लागत नाही. फुटकी कौलं बदलताना खालच्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, दाबून बघा. बोट रुतलं तर रीपही बदला.

भिंतीला लोणा लागला, म्हणजे क्षार फुटून ती पांढरी पडून झडू लागली, की गवंडी हमखास सिमेंट सुचवतो. ऐकू नका. जांभ्या दगडात मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. वर सिमेंट थापलं की ते आतच कोंडतं आणि गिलाव्यामागं दगडाचा भुगा होतो. कळीचा चुना आधी नीट विरवून, भिजवून मुरू द्या, मग एक भाग चुना, तीन भाग वाळू. गिलावा आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चुन्याला घाई चालत नाही, गवंड्याला चालते.

बागेचं सगळं भान जोत्यापाशी ठेवायचं. भिंतीला लागून वाफे नकोत. पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात खडी टाका, उतार बाहेरच्या बाजूला द्या. सोनचाफा लांब लावा, तो रोपाएवढा राहत नाही. हिरवळीचा हट्ट सोडा, उन्हाळ्यात तिला पाणी कोण घालणार? अबोली, कोरांटी, गुलबक्षी पुरे. भिंतीतला पिंपळ दोन पानांचा असतानाच मुळासकट काढा. मोठा झाल्यावर ओढलात तर दगड हातात येतो. मग तो कापून मूळ जागीच मारावं लागतं.

पाट्या मात्र मराठी-कन्नड दोन्हींत लिहा, येणारी माणसं दोन्हीकडची असतात. जुने फोटो बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात तिची ओल चौकटीमागं उतरते आणि बुरशी दिसेपर्यंत चेहरे गेलेले असतात.