कृष्णविवर आणि दीर्घिका: पोस्टर करताना या चुका टाळा

कोल्हापुरात शाळा-कॉलेजांची विज्ञान प्रदर्शनं सुरू झाली की कृष्णविवराचं पोस्टर हमखास दिसतं. चित्र झकास असतं, मजकूर गंडतो.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे 'कृष्णविवर अख्खी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, गिळत वाढतं'. आपली दीर्घिका म्हणजे आकाशगंगा; तिच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे 43 लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं. आकडा दणदणीत, पण आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाचा तो जेमतेम दहा हजारावा भाग. त्याच्या गुरुत्वाची हुकमत काही प्रकाशवर्षांपुरती; आपण बसलोय साधारण 26 हजार प्रकाशवर्षं लांब.

दुसरी चूक शिक्षकांकडूनही होते: थोरल्यांचा नियम धाकट्यांना लावणं. एम 87 या दीर्घिकेतलं कृष्णविवर 650 कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं. अशा राक्षसी दीर्घिका एकमेकींत विलीन होत वाढल्या. त्यांच्यात मधला फुगवटा (केंद्राभोवतीचा ताऱ्यांचा गोलसर गोळा) जितका भारी, तितकं कृष्णविवर भारी, हे नातं बऱ्यापैकी घट्ट आहे. लहान कृष्णविवरांकडे आलं की ते सैल पडतं. एम 33 या शेजारच्या दीर्घिकेला म्हणावा असा फुगवटा नाही आणि केंद्रात मोठं कृष्णविवरही सापडलेलं नाही. एनजीसी 4395 लाही फुगवटा नाही, तरी तिथलं कृष्णविवर चांगलं जागं आहे, म्हणजे वायू गिळतंय! मग ही लहान कृष्णविवरं वाढतात कशी? तालमीतलं पोरगं रोजच्या खुराकावर भरतं तशी. दीर्घिकेच्या चपट्या तबकडीतला वायू सर्पिल भुजांमुळे, मधल्या दांड्यामुळे (केंद्रातून आडव्या गेलेल्या ताऱ्यांच्या पट्ट्यामुळे) फिरण्याचा जोर गमावत आत सरकतो. बराचसा वाटेतच तारे घडवण्यात खर्ची पडतो, उरलेला थोडा कृष्णविवराला मिळतो, तोही अधूनमधून. म्हणून दीर्घिका आणि कृष्णविवर दोघांची वाढ बरोबरीनं होते, पण पावलाला पाऊल जुळत नाही.

'कृष्णविवर ताऱ्यांचा जन्म रोखतं' हे सरसकट लिहू नका. हेनायझ 2-10 या बटू दीर्घिकेत कृष्णविवराजवळून सुटलेल्या वायूच्या झोतानं नवे तारे घडायला मदत झाल्याचं 2022 मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून पुढं आलं.

आणि कृष्णविवराच्या पहिल्या चित्रातलं, 2019 चं ते केशरी कडं एम 87 मधल्या कृष्णविवराचं. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराचं चित्र 2022 मध्ये आलं.

पोस्टरवर जागा उरली तर एवढं जरूर टाका: मेच्या मध्यात रात्री पावणेतीनच्या सुमारास कोल्हापुरातून दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 44 अंशांवर आकाशगंगेचं केंद्र येतं. धुळीमुळे डोळ्यांना ते दिसत नाही, दिशा मात्र बोटानं दाखवता येते. जून उजाडला की ढगांपुढं इलाज नाही.