फ्रागोनारची वाचणारी मुलगी: तैलरंगात नक्कल कशी करावी

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी चित्रशैली, शिकायची म्हणून थेट फ्रेंच चित्रकार फ्रागोनारच्या झोक्याच्या चित्राला हात घालू नका. त्यात झाडीच एवढी आहे की माणूस रंगवायला उसंत मिळत नाही. त्याचीच, सुमारे 1769 मधली, पिवळ्या पोशाखात पुस्तक वाचणारी मुलगी घ्या. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्याची मोठी प्रतिमा संग्रहालयाकडूनच मोफत मिळते. माप साधारण 81 × 65 सेंमी. दुकानातला 20 × 16 इंची कॅनव्हास त्याच प्रमाणात बसतो.

टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) कॅनव्हासभर फासून फडक्याने पुसा. दोन दिवसांनी चौकटी पाडून रेखाटन करा.

आता त्वचा. नक्कल फसते ती इथेच. नळीतला तयार ‘फ्लेश टिंट’ घरात ठेवूच नका. त्याने चेहरा बाहुलीचा होतो. रोकोको त्वचेची मोत्यासारखी झाक गुलाबी रंगातून येत नाही. उजेड आणि सावली यांच्या मधल्या थंड करड्या पट्ट्यातून ती येते.

तीन ढीग करा. उजेडासाठी चार भाग टिटॅनियम व्हाइट, एक भाग यलो ऑकर आणि कॅडमियम रेडचा ठिपका. यातला निम्मा बाजूला काढून त्यात तांदळाच्या दाण्याएवढा आयव्हरी ब्लॅक मिसळा, पुरेना तर आणखी एक दाणा. ही मधली छटा. सावलीसाठी बर्न्ट सिएना आणि थोडा काळा, पातळच.

मधली छटा पॅलेटवर मळकट दिसते म्हणून लोक घाबरून तिच्यात निळा घालतात. घालू नका. उबदार रंगाशेजारी लागली की ती आपोआप निळसर भासते. हिरवट झाली, तर ऑकर आणि काळा मिळून शेवाळी बनलेत. लाल कणभर वाढवा. जबडा, कानशील, मान इथे हा पट्टा लावा, गालाची लाली ओल्यातच मिसळा आणि फक्त कडा एकमेकींत विरवा. पंख्याचा ब्रश सगळ्या चेहऱ्यावर फिरवलात की तिन्ही ढिगांचा एकच चिखल होतो.

पोशाख आणि जांभळी उशी रुंद हॉग ब्रशने (डुकराच्या राठ केसांच्या), लांब फटकाऱ्यांत.

कॉलर सर्वांत शेवटी. पांढरा जाड लावा आणि ओला असतानाच ब्रशच्या दांड्याच्या टोकाने चुण्या खरवडा. फ्रागोनारनेही तसेच केले आहे. रेघ एकाच ओढीत यायला हवी. चुकली तर गिरवू नका, पांढरा थर चाकूने काढून नव्याने लावा.