पनीरचा नमुना लॅबला पाठवताय? या चुका टाळा

लायसन्सधारक उत्पादकाने किमान सहा महिन्यांतून एकदा मालाची तपासणी करून घ्यावी, ही एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) अट आहे. त्यामुळे बऱ्याच लहान डेअऱ्यांतून सहा महिन्यांनी एक पाकीट लॅबला जातं, 'पास' रिपोर्ट येतो आणि फाइलला लागतो. पुढच्या सहा महिन्यांची काळजी मिटली, असं सगळे धरून चालतात. सगळ्यात घातक चूक हीच.

साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूचा निकष बघा. एकाच बॅचमधले पाच नमुने, प्रत्येकी 25 ग्रॅम, आणि एकातही तो सापडता कामा नये. एका पाकिटावर हे ठरतच नाही. पाच पाठवले तरी हिशेब करा: बॅचमधल्या शंभरातलं एक पाकीट दूषित असेल, तर ते पाचांत सापडण्याची शक्यता जेमतेम 5 टक्के. दूषित बॅच बहुतेक वेळा पास होऊनच बाजारात जाणार. म्हणून रोजच्या कामाची शिस्त आधी; रिपोर्टने तिची फक्त पडताळणी होते.

दुसरी चूक रिपोर्टमध्ये कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जंतू) आल्यावर होते. लगेच दूध जास्त तापवायला घेतात. पनीरसाठी दूध तसंही 80-90 अंशांपर्यंत तापवलेलं असतं, तेवढ्या उष्णतेत कोलिफॉर्म टिकत नाहीत. म्हणजे ते नंतर शिरलेत. दाबाखालून काढलेली लादी ज्या गार पाण्यात सोडता, ती टाकी आधी तपासा. दिवसभर तेच पाणी, वर बोअरचं आणि क्लोरीन न घातलेलं, असं असेल तर उत्तर बहुधा तिथेच सापडेल. मग फडकी बघा: रात्री नुसती पिळून दोरीवर टाकलेली की उकळून वाळवलेली? शेवटी कापायची सुरी, टेबल आणि पॅकिंग करणाऱ्यांचे हात. या प्रत्येक ठिकाणचा स्वॅब घ्या. नुसतं पनीर पुन्हा पाठवलंत तर दोष कुठे आहे ते कळणार नाही.

टाकीच्या पाण्याचा नमुना घेताना एक गोष्ट हमखास राहून जाते. पाण्यात क्लोरीन असेल तर लॅबकडून सोडियम थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली मागा. साध्या बाटलीत क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो.

पनीरचा नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठवल्याने काही जंतू मरतात, काही अर्धमेले होतात आणि रिपोर्टमध्ये जंतूंचा काउंट कमी दिसतो. ग्राहकाला मिळतं तसं बंद पाकीट थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक घालून पाठवा, शक्यतो 24 तासांच्या आत पोचेल असं. पाकिटावर बॅच नंबर आणि नमुना घेतल्याची वेळ हवीच.

उकळलं की सगळं ठीक, हा समजही सोडा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मालात वाढला आणि त्याने विष तयार केलं, तर नंतरच्या उकळीने जंतू मरतात, विष राहतं. लॅबच्या प्लेटवर काहीच उगवत नाही, खाणारा मात्र काही तासांत उलट्यांनी हैराण होतो. हा जंतू जखमांतून मालात येऊ शकतो, म्हणून जखम किंवा फोड असलेल्या कामगाराला पनीर हाताळू देऊ नका.

आणि नमुना कधीचा? सकाळी धुतलेल्या टेबलावरचं पहिलं पाकीट पाठवण्यापेक्षा शिफ्ट संपतानाचं पाठवा. त्याच बॅचमधली काही पाकिटं लेबलवर लिहिलेल्या तापमानाला ठेवून शेवटच्या तारखेलाही तपासून घ्या. ग्राहक अनेकदा तेच खातो.